दगडी मळ्यातला मुक्काम

“आधार कार्ड?” सोमनाथने विचारलं.

“घरी राहिलं,” योगिनी म्हणाली. “मोनिका लिहा. वाळूजहून आलेय.”

त्याने वहीत मोनिका लिहिलं आणि खोलीची किल्ली काढली. दारावरच्या पाटीवर ‘दगडी मळा, निजामकाळातलं शेतघर, मुक्कामाची सोय’ असं होतं. करमाडपासून आत चार किलोमीटर. काळ्या दगडाच्या कमानी, मोटेची विहीर, आणि घोड्यांच्या पागेच्या केलेल्या चार खोल्या. शहरातल्या माणसांना पागेत झोपायची भारी हौस असते, फक्त पागेला एसी लागतो.

योगिनीला यातलं काहीच बघायचं नव्हतं. तिला तिचा नवरा शोधायचा होता.

सत्यम या घरातला धाकटा मुलगा. वाळूजला दोघं एकाच कारखान्यात होते, शिफ्टच्या एकाच बसने जायचे. ती गंगापूरकडच्या मेंढपाळाची मुलगी. तीन वर्षांपूर्वी दोघांनी नोंदणी पद्धतीने लग्न केलं आणि “घरी सांगतो, आईला तुझा फोटो दाखवतो, दोन दिवसांत येतो,” म्हणून सत्यम निघाला, तो गेलाच. पाचव्या दिवशी त्याच्या फोनवरून दोन ओळी आल्या. मला शोधू नको. झालं ते विसर. तेव्हापासून तो फोन बंद होता.

“मोठ्या घरची पोरं अशीच असतेत,” तिची आई बानाबाई म्हणायची. योगिनी तीन वर्षं आईशी भांडली. आता तिलाही ते खरं वाटायला लागलं होतं. एकदा खात्री करून घ्यावी आणि मोकळं व्हावं, एवढ्यासाठी ती आली होती. या घरात तिला प्रत्यक्ष कुणी पाहिलेलं नव्हतं.

सोमनाथची आई, वच्छलाबाई, पीठ लागलेल्या हातांनीच बाहेर आली. योगिनीकडे बघत ती बराच वेळ उभी राहिली.

“हिला पागंत नगं,” ती म्हणाली. “माझ्या खोलीत झोपंल.”

“आई, पाव्हण्या हायेत त्या. त्यांनी खोली घेतलीय.”

“एकटी बाई हाय. माझ्याच खोलीत झोपंल.”

सोमनाथने हसून किल्ली परत खुंटीला लावली. “राहू द्या ताई. आईचं वय झालंय.”

तेव्हापासून म्हातारी योगिनीला चिकटली ती चिकटलीच. सोमनाथ विहीर दाखवायला निघाला, तर गुडघे धरत ही मागे. चहा त्याने आणला, तर तो बाजूला ठेवून हिने दुसरा केला. आणि चौकशा तर विचारू नका.

“तू हितं आलीस ते घरी ठाव हाय का?”

“हो, मावशी.”

“कुणाकुणाला?”

“आईला. मैत्रिणींना.” योगिनी खोटं बोलली. तिने कुणालाच सांगितलं नव्हतं.

“मग बरं हाय,” वच्छलाबाई म्हणाली आणि पुन्हा पिठाला लागली.

संध्याकाळी जेवताना योगिनीने भिंतीवरच्या फोटोकडे बोट केलं. सत्यम हसत होता. फोटोला हार नव्हता, हे तिने आल्याआल्याच बघून घेतलं होतं.

“हे कोण?”

“धाकला भाऊ,” सोमनाथ म्हणाला. “दुबईला असतो. मीच जीपनं स्टेशनला सोडला त्याला. आता बायको हाय, एक लेकरू हाय. लई मजेत हाय.”

वच्छलाबाई भाकरी आणायला उठली.

“त्याचं नाव निघालं की आईला भरून येतं,” सोमनाथ म्हणाला. “येत नाय ना तो इकडं.”

योगिनीने ताट बाजूला सरकवलं. हात धुवायच्या निमित्ताने ती नळावर गेली आणि पाणी सोडून रडली. बायको, लेकरू. मेला असता तर निदान माझा तरी राहिला असता, असं तिच्या मनात आलं, आणि त्या विचाराची तिला लगेच लाज वाटली. मागे वळली तर वच्छलाबाई उभी होती. म्हातारीने पदर पुढे केला.

सकाळी योगिनीने पिशवी भरली. जिवंत आहे, सुखात आहे, आपल्याला टाकून गेला. चला, विषय संपला. मनातून तिला हलकंही वाटत होतं, आणि त्या हलकेपणाचाच राग येत होता.

“जेवूनच जा ताई,” सोमनाथ म्हणाला. “आज आबांचं पित्तर हाय. मग मीच सोडतो करमाडला, जीपनं.”

आबा म्हणजे त्याचे वडील, फकिरा. वर धाब्यावर, घराच्या गच्चीवर, पान वाढलं होतं. खीर, वडे, कढी, भजी. कावळा कठड्यावर येऊन बसला होता, पण पानाला शिवत नव्हता.

सोमनाथने हात जोडले. “आबा, पागंच्या खोल्या वाढवतो औंदा.” कावळा हलला नाही. “आबा, गावातल्या मंदिराला तुमच्या नावानं पायऱ्या बांधतो.” कावळ्याने मान फिरवली.

“आबांना मेल्यावर बी पुरं पडंना,” सोमनाथ वैतागून म्हणाला. “आई, बघ तूच. म्या जीप काढतो.” जिन्यात योगिनी भेटली, तिला “या खाली, निघूच आता,” म्हणत तो उतरून गेला.

योगिनी निरोप घ्यायला वर चढली. वच्छलाबाई तिच्याकडे पाठ करून पानाजवळ बसली होती. खाली जीप सुरू झाली. म्हातारीने पान दोन बोटं पुढे सरकवलं आणि हात जोडले.

“खा रं सत्यम,” ती हळू आवाजात म्हणाली. “योगिनीला त्याच्या जीपमधी नाय बसू देणार म्या.”

कावळा पानावर उतरला.