सगळी शहरं पाठ

“अगं, आधी चिमणीकडून आपला पत्ता पाठ करून घे,” असं सासूबाई म्हणाल्या, तेव्हा सूनबाईंनी नाक मुरडलं होतं. “पत्ता काय आई, येईल आपोआप. जीभ मात्र आत्ताच वळली पाहिजे.” आणि जीभ वळावी म्हणून चार वर्षांच्या चिमणीला अमेरिकेच्या इतिहासातून, तिथल्या शहरांमधून इंग्रजी शिकवणाऱ्या क्लासला घातलं. पाहुणे आले रे आले की चिमणीला स्टुलावर उभं करायचं आणि बोस्टनच्या बंदरातल्या चहापासून सॅन फ्रान्सिस्कोच्या पुलापर्यंत सगळं घडाघडा वदवून घ्यायचं, हा घरचा शिरस्ताच झाला.

शनिवारी बाजारात पडद्याचं कापड निवडताना सूनबाईंच्या हातातून चिमणीचा हात सुटला. हाका मारत त्यांनी दुकानामागून दुकान पालथं घातलं, तेवढ्यात एका चपलांच्या दुकानातून टाळ्या ऐकू आल्या. आत चिमणी स्टुलावर उभी होती आणि भोवतीची शहाणीसुरती माणसं तिचा व्हिडिओ काढत होती.

“काय हुशार आहे हो लेक तुमची!” दुकानदार म्हणाला. “कुठे राहतेस विचारलं, तर आख्खी अमेरिका म्हणून दाखवली!”

चिमणीच्या गालांवर ओघळ सुकले होते. आईच्या गळ्यात पडून ती हुंदके देत म्हणाली,

“मी सगळी शहरं सांगितली गं आई. त्यातलं आपलं कुठलं?”

तुमच्या घरच्या हुशार बाळालाही आज विचारून बघा, ते कुठे राहतं. टाळ्या नंतर वाजवा.