मायबोलीची पाळी

अहल्येच्या जिभेवर पाच देशी भाषा नांदत होत्या, म्हणून तर बंगळुरातल्या बेळ्ळंदूरच्या कंपनीत तिला बढती मिळाली. काम एवढंच, की ज्याला नोकरीवरून काढायचं त्याला ते त्याच्याच मायबोलीत सांगायचं. म्हणे घाव हलका बसतो. कन्नड, तमिळ, तेलुगू, हिंदीत सांगून झालं होतं. मराठीची पाळी आज आली.

"या विलासराव, बसा."

नागपूरचा विलास उजळलाच. "बाप्पा! मॅडम, तुम्ही मराठी? दोन वर्षं झाली, या ऑफिसात आपला एक शब्द कानावर नाही! थांबा, आईनं संत्रा बर्फी पाठवलीये." धावत जाऊन त्यानं डबा आणला, तिच्या हातावर वडी ठेवली.

अहल्येनं ती वडी न खाता समोरच्या कागदावर ठेवली.



मग ती इंग्रजीत बोलू लागली.