फंड पडला की पेढे

“नवरा परदेशी असला की व्हिडिओ लावायला लावायचा. नुसत्या आवाजावर भागवायचं नाही.” प्रीतम अमेरिकेला गेला त्याच आठवड्यात शेजारच्या सलिमाने उत्कर्षाला बजावलं होतं. सलिमाचा नवरा सौदीत बरीच वर्षं काढून आलेला, त्यामुळे ती अधिकाराने बोलायची.

“आमचे तसले नाहीत गं.” उत्कर्षाने हसण्यावारी नेलं.

“जाईपर्यंत कुणीच तसलं नसतं.”

दिवाळीनंतर प्रीतमचा व्हिडिओ बंदच झाला. कधी नेट नाही, कधी कॅमेरा बिघडला, कधी तो गडबडीत. आवाज मात्र रोज यायचा. निगडीत रात्रीच्या स्वयंपाकाची वेळ, तिकडे सकाळ. तिकडचा शेअर बाजार उघडायचा तो तेव्हाच, आणि त्या वेळेला नवराबायकोचं मिळून एक काम असायचं.

लग्नाआधी उत्कर्षा चिंचवडला एका ब्रोकरच्या ऑफिसात होती. नजर तिची, खातं प्रीतमचं. तिकडे बिटकॉइनचा एक फंड होता. तो पडेल असं धरून दोघं त्यावर स्प्रेड लावायचे. एक पुट, म्हणजे ठरल्या भावाला विकायचा हक्क, वरच्या भावाचा घ्यायचा, एक खालच्या भावाचा विकायचा. फंड पडला तर फायदा, तोही ठरलेल्या मर्यादेपर्यंतच. चढला तर घातलेले पैसे गेले, त्यापलीकडे काही जात नाही. ती दोन भाव सांगायची, तो ऑर्डर टाकायचा.

सासूबाईंना, म्हणजे गोजाबाईंना, हा प्रकार काही केल्या पटायचा नाही.

“समद्या जगात चढलं की पेढे वाटत्यात, आन आमच्या घरात पडलं की! आज पडलं का गं तुजं?”

“पडलं आई. छान पडलं.”

“पडू दे बाई, आनखी पडू दे,” म्हणत त्या देवापुढे हात जोडायच्या.

हात जोडण्यासारखं होतंच. अडीच वर्षांच्या सार्थकच्या दोन्ही कानांना मशीन होतं. त्याला बोलायला शिकवणाऱ्या मॅडम चिंचवडला बसायच्या. घर गावच्या, म्हणजे माणच्या, खोल्यांच्या भाड्यावर चालायचं, पण मॅडमची फी प्रीतमकडून यायची. “पगार इथेच संपतो गं, हे आपल्या स्प्रेडचे,” असं तो हल्ली सांगायचा. एखादा महिना खंड पडला तर पोराला आलेले चार शब्दही पुसले जातील, या धास्तीने उत्कर्षा झोपेतसुद्धा त्याच्या कानाला हात लावून बघायची.

प्रीतम निघाला तेव्हा माणच्या चौकात चुलतभावांनी केवढा मोठा फ्लेक्स लावला होता! गॉगल घातलेला प्रीतम, मागे विमान, ‘सातासमुद्रापार आपला वाघ’, आणि खाली सगळ्या भाऊबंदांचे चेहरे. गावात कुणी विचारलं, पोरगं कधी येतंय, की गोजाबाई मान ताठ करायच्या. “मोटा सायेब झाल्याबिगर येतोय व्हय त्यो?”

आणि या महिन्यात फंड चढायला लागला. स्प्रेड लावला त्या दिवसापासून चढतच राहिला, एकदासुद्धा खाली वळला नाही. उत्कर्षा कणीक मळता मळता करंगळीने मोबाइल सरकवून बघायची. घातलेले गेले. आता मॅडमना काय सांगायचं? तिने सार्थकची जुनी झबली काढून त्याला घरीच शब्द शिकवायचा बेत केला. झबलं, बाही, गुंडी. पोरगं तिच्या ओठांकडे बघत बसलं.

पैसे आले. नेहमीसारखेच, वेळेवर.

उत्कर्षा मोबाइल छातीशी धरून मिनिटभर ओट्याला टेकली. मग खाली जाऊन पाव किलो पेढे घेऊन आली.

सलिमाने पेढा तोंडात टाकला. “गोड आहे. व्हिडिओ?”

“आवाज पुरतो मला,” उत्कर्षा म्हणाली.

“वेडी आहेस.”

“असू दे.”

त्या दिवशीही प्रीतमचा फोन आला.

“जमा झाले का गं?”

“झाले. पण फंड तर…”

“अगं, वेळेत बाहेर पडलो मी. तू टेन्शन घेऊ नकोस. मॅडमकडे खंड पडू देऊ नको, बाकी माझ्यावर सोड.”

“ऐका ना, सार्थक काल ‘दिवा’ म्हणाला. स्वतःहून, बोट दाखवून.”



“परत म्हणायला लाव,” प्रीतम म्हणाला.

तिने फोन सार्थकच्या तोंडाशी धरला. त्याने देवघराकडे पाहिलं, आईकडे पाहिलं आणि जोर लावून म्हणाला, “दि-वा.”

प्रीतमने नाक ओढलं.

“सर्दी झालीय का?” तिने विचारलं.

“बर्फ पडतोय ना इथे.”

“लेकरा, कानटोपी घाल रं,” गोजाबाई लांबूनच ओरडल्या.

“घालतो, आई.”

“थँक्यू,” उत्कर्षा म्हणाली.

“मला कशाला? भाव तर तू सांगतेस.”

“तरी पण,” ती म्हणाली. तेवढ्यात त्याच्या मागून ती हाक आली. दिवाळीपासून रोज येणारी, आणि रोज तिने न ऐकल्यासारखी केलेली: “ओ प्रीतमभाऊ, चला राव, चाकणची बस आली! नाइटवाले, चला!” “बर्फात जपून जा,” एवढंच म्हणून तिने फोन ठेवला. तेव्हा तुमच्या घरातलं कुणी चाकणच्या कारखान्यात रात्रपाळीला जात असेल, तर उत्कर्षाचं एवढं मागणं आहे: तिथे प्रीतम नावाचा माणूस वेळेवर जेवतो का, तेवढं बघायला सांगा; आणि घरी कळलंय, हे मात्र त्याला सांगू नका.