युरोपभर चालणारं नाव

जर्मनीतल्या येना शहरात मुलगी झाली, तेव्हा अपूर्वाने नावांचा तक्ताच मांडला. रशियात आन्या, हॉलंडमध्ये आनेके, फ्रान्समध्ये आन, जर्मनीत आना. शेवटी ‘आना’ ठरलं.

"इथे कुणी हिला वेगळं काढायला नको, आई," तिने सासूबाईंना फोनवर सांगितलं.

"अगं, पण चारचौघींचंच नाव ठेवायचं, तर बारसं तरी कशाला?" सासूबाई म्हणाल्या.

तीन वर्षांनी मुलगी किंडरगार्टनला जाऊ लागली. आठवड्याभराने अपूर्वाने तिथल्या बाईंना विचारलं, "रमली का आमची आना?"

"छान रमली!" बाई हसून म्हणाल्या. "वर्गात आधीच तीन आना होत्या, त्यामुळे जरा गोंधळ व्हायचा. पण मुलांनीच तोडगा काढला.



आता हिला सगळे ‘इंडियन आना’ म्हणतात."