सोबतीचा रकाना

करसल्लागार मुलीने पत्र्याचा डबा टेबलावर उपडा केला, आणि औषधांच्या बिलांमधून टॅक्सीच्या पावत्यांचा गठ्ठा बाहेर घसरला. बायंडरच्या शेजारच्याच खुर्चीत त्याची बायको बसली होती.

चूक त्याचीच. बायकोने उभा जन्म कचेरीत आवक-जावक सांभाळली होती, आणि घरातही तिचा एकच कायदा होता. हातात आलेली पावती फेकायची नाही, डब्यात टाकायची. पस्तीस वर्षांत हा कायदा बायंडरच्या अंगवळणी पडला होता. जी गोष्ट जन्मभर लपवायची, तिचेही पुरावे तो इमानेइतबारे डब्यात टाकत राहिला. तेही तारीखवार लावून, कोपऱ्यात दोरा ओवून. लोकांची पुस्तकं शिवणारा माणूस तो, दुसरं काय करणार.

गेल्या वर्षी बायकोला कॅन्सर निघाला. ऑपरेशन झालं, मग सहा आठवडे रोज रेडिएशन. सुट्टी फक्त शनिवार-रविवार. आदल्या दिवशी तिने बजावलं होतं, "मी एकटी जाणार, बसने. तुम्ही असं तोंड करून शेजारी बसलात की मला उगाच आजारी असल्यासारखं वाटतं. मागे आलात तर अर्ध्या रस्त्यातून घरी परतेन, सांगून ठेवते."

ती बोलते तसं करते, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. त्याने शब्द दिला. आणि दुसऱ्या दिवशी बसस्टॉपच्या अलीकडच्या वळणावर टॅक्सी थांबवून आत अंग चोरून बसला.

मग रोज तेच. पुढे बस, मागे टॅक्सी. जाताना तसं, येतानाही तसंच. बसच्या मागच्या काचेत तिचा डोक्याला बांधलेला निळा रुमाल दिसायचा. तो दिसत होता तोवर बायंडरचा जीव थाऱ्यावर असायचा. टॅक्सीवाल्याने पहिल्या दिवशी त्याच्याकडे जरा संशयानेच पाहिलं. चौथ्या दिवसापासून तो स्वतःहून सांगू लागला, "चढल्या वहिनी. निघू या."

संध्याकाळी ती कुरकुरायची, "त्या मागच्या बाकावर पाठीचा अगदी खुळखुळा होतो."

"मग पुढे बसावं."

"पुढे जागा नसते."

बस अर्धी रिकामी असते, हे त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. पण बोलणार कसा? तो तिच्या पाठीला उशी लावून द्यायचा.

"काका, ह्या साठ पावत्या," मुलगी चष्मा वर सारत म्हणाली. "सोबतच्या माणसाचा प्रवासखर्चही उपचारात धरता येतो. बरीच सूट मिळेल. पण काकूंचा तर बसचा पास लावलाय तुम्ही. मग टॅक्सीत कोण होतं? इथे रकाना आहे बघा. रुग्णासोबत प्रवास केला का? हो किंवा नाही."

बायंडरने पेनचं टोपण काढलं, लावलं, पुन्हा काढलं. बायकोकडे पाहायची त्याची छाती होईना. उपचार संपले होते, गेल्या आठवड्यातले रिपोर्ट चांगले होते. आता ती अर्ध्या रस्त्यातून परतणार नव्हती. पण एकटीने सगळं निभावलं, हे ती बहिणीला, शेजारणीला, भाजीवाल्यालासुद्धा ताठ मानेने सांगायची. सांगताना तिच्या चेहऱ्यावर पूर्वीचं तेज यायचं. थोड्याशा करासाठी ते हिरावून घ्यायचं त्याच्या जिवावर आलं.

"टॅक्सीत मी होतो," तो म्हणाला. "पण सोबत नव्हतो. ती एकटीच गेली, एकटीच आली. माझी आपली दुकानाची कामं असायची त्या बाजूला. तू 'नाही' लिही."

मुलीने कागदावर पेन टेकवलं.

"थांब गं." बायकोने हात पुढे केला, पावत्यांचा गठ्ठा उचलला आणि सुटत आलेल्या दोऱ्याला नीट गाठ मारली. "'हो' लिही. हे सोबत होते."

"अहो काकू, पण तुम्ही तर बसमध्ये होतात."

"होते ना. अर्धी बस रिकामी असताना सहा आठवडे मागच्या बाकावर धक्के खात गेले. ह्यांना टॅक्सीतून माझा रुमाल दिसायला नको?"