जावक क्रमांक ४१७

"सही करा मॅडम, फक्त सही!" सचिवांच्या दोन्ही हातांत दोन फोन होते. "उद्या सकाळी सातला हे पत्र जगापुढे गेलं पाहिजे."

परराष्ट्र खात्याच्या कायदा सल्लागार बाईंनी पत्र पुन्हा वाचलं. 'आज, बारा तारखेला, पहाटे सहा वाजता शेजारी देशाने आमच्या चौकीवर हल्ला केला. आमचे अठरा जवान ठार झाले. स्वसंरक्षणासाठी आम्ही प्रतिहल्ला करत आहोत.'

भिंतीवरच्या कॅलेंडरात अकरा तारीख होती. ते अठरा जण या घटकेला जेवून हात धूत असतील.

कुठल्याही देशाने दुसऱ्यावर आधी हात उगारायचा नाही, हा जगाचा कायदा. आपल्यावर हल्ला झाला तरच मुभा, आणि तेही लगेच कळवायचं. वीस वर्षं बाई हेच सांगत आल्या होत्या. आज त्याच कायद्याच्या आडून युद्ध पेटवायचं होतं. नाही म्हणावं, तर सही करायला दुसरा कुणीही मिळाला असता.

"करते," त्या म्हणाल्या. "पण जावक क्रमांकाशिवाय पत्र बाहेर जात नाही."

"मग घ्या ना तो! घोडं अडलंय कुठं?" सचिव पुन्हा फोनवर ओरडू लागले.

बाईंनी सही केली, पत्राच्या तळाशी हाताने एक ओळ लिहिली आणि वय विसरून जिना धावत उतरल्या. तळमजल्यावर जावक कारकून बसत. सगळे त्यांना घड्याळकाका म्हणत. काका मजकूर कधी वाचत नसत. घड्याळ बघून शिक्का मारायचा, तळाची यादी बघून प्रती धाडायच्या, संपलं. मागची-पुढची तारीख मारायला त्यांनी एकदा खुद्द मंत्र्यांना नकार दिला होता.

धप्प! शिक्का बसला. बाईंना हसू आवरेना.

अर्ध्या तासाने सचिव धापा टाकत खाली आले. शिक्का पाहून त्यांचं तोंड पांढरंफटक पडलं.

"अकरा तारीख? दुपारचे एक चाळीस? अहो, हल्ला उद्या आहे! फाडा ते पत्र!"

"फाडा की साहेब," घड्याळकाका म्हणाले. "मॅडमनी तळाच्या यादीत हाताने लिहिलेली प्रत मघाशीच रस्त्यापलीकडे गेली, शेजारी देशाच्या वकिलातीत. ही बघा, त्यांच्या सहीची पोच."