जुन्या चिपचे साहेब

"धुकं असं नव्हतं," काका म्हणाले. "असं भिंतीसारखं मुळीच नव्हतं. पुन्हा दाखवा."

बाईंनी पुन्हा दाखवलं. टीव्हीवर नदी आली, नदीत होडी, होडीच्या टोकाला कंदील. होडी चार हात पुढे सरकली आणि धुक्यात गडप झाली.

"पलीकडचा काठच दिसत नाही," बाई म्हणाल्या. "मग खेळणारा जाणार कुठे?"

बाई पंचावन्नच्या आसपासच्या. गेमची यंत्रं बनवणाऱ्या कंपनीत काही वर्षांपूर्वीच कामाला लागलेल्या. कंपनीचं नवं यंत्र येणार होतं आणि या वेळी चिप दुसऱ्या पुरवठादाराकडून घेतली होती. नवी चिप दसपट वेगवान, पण जुने खेळ तिच्या पचनी पडेनात. लोकांच्या घरात कपाटं भरून जुन्या डिस्क, त्या काय फेकून द्यायच्या? खटपट करून तीनशे खेळ चालू झाले होते. लोकांचा सगळ्यात लाडका, हा होडीचा, तेवढा अडून बसला होता. दोन महिन्यांत तो चालला नाही, तर जुन्या खेळांची सोयच रद्द करायची, असं वरून बजावलं होतं. काम हातचं गेल्यामुळे जुना पुरवठादार रुसला होता. एक कागद द्यायला तयार नव्हता.

म्हणून बाई तिथली जुनी माणसं शोधत निघाल्या आणि एका गुरुवारी काकांच्या दारात उभ्या राहिल्या.

"जुन्या चिपचं काम केलेले तुम्हीच ना?"

"मीच," काका म्हणाले. "मीच बनवली ती."

हे आपल्या तोंडून कसं निघालं ते काकांना अजून कळलं नव्हतं. जुन्या पुरवठादाराकडे त्यांनी बावीस वर्षं काढली, पण चाचणीच्या खोलीत. दिवसभर पडद्यांकडे बघायचं आणि चित्र कुठे बिघडलं ते कागदावर लिहून पाठवायचं, एवढंच काम. चिपचे आराखडे दुसऱ्या शहरातल्या मुख्य कचेरीतून यायचे. खाली एक वेडीवाकडी सही असायची. ती कोणाची, हे चाचणीच्या खोलीत कोणालाच ठाऊक नव्हतं. सगळे नुसतं 'साहेब' म्हणायचे.

निवृत्त झाल्यापासून लोक काकांना फक्त तब्येत विचारत. या बाईंनी चिप विचारली.

"या, बसा साहेब," असं उलट बाईच त्यांना म्हणाल्या, तेही त्यांच्याच घरात. काका बसले, आणि मग उठवेना.

दर गुरुवारी दुपारी बाई यंत्र घेऊन येत. काका खुर्ची टीव्हीपासून बरोबर सहा पावलांवर ठेवत आणि डोळे बारीक करून बघत. आकडेमोड निघाली की म्हणत, "ते तुमचं तुम्ही बघा. मी चित्र सांगतो." "आकडे मी बघते, मला चित्रच हवंय," म्हणत बाई लिहून घेत. एकदाही त्यांनी खोलात जाऊन विचारलं नाही. काकांना वाटे, सुटलो.

"अहो, सांगून टाका," काकू भांडी पुसता पुसता म्हणत. "अंगाशी येईल एक दिवस."

"सांगतो गं. आधी धुकं होऊ दे."

पाचव्या गुरुवारी काका एकदम खुर्चीतून उठले. "कंदिलाजवळ फाटायचं ते! डावीकडे जरा जास्त. त्या फटीतून काठ दिसायचा."

"म्हणजे चिपची चूकच ती," बाई म्हणाल्या.

"चूकच. खेळवाल्यांनी तिच्यावर अख्खा खेळ उभा केला."

"मग साहेब, तुम्ही ती दुरुस्त का नाही केलीत?"

काका गडबडले. "सुंदर दिसत होतं," एवढंच म्हणाले.

बाईंनी तेही लिहून घेतलं.

आठव्या गुरुवारी होडी निघाली. कंदिलाभोवती धुकं हलकेच फाटलं, पलीकडचा काठ दिसला आणि होडी काठाला लागली. काकूंनी स्वयंपाकघरातून येऊन टाळ्या वाजवल्या. काकांचे डोळे भरले; त्यांनी ते चष्म्यावर ढकललं.

मग बाईंनी पिशवीतून एक कागद काढला. "खेळाच्या शेवटी नावं येतात. 'मूळ चिपची रचना' यापुढे तुमचं नाव घालायचंय. इथे सही करा."

काकांनी पेन उघडलं. काकू दारात थांबल्या. काकांनी पेन मिटलं.

"बाई, मी साहेब नाही," ते म्हणाले. "मी चाचणीच्या खोलीत पडदे बघायचो. धुक्याची चूक मीच कळवली होती. खाली लिहिलं होतं, चूक आहे, पण बघायला छान वाटतं. साहेबांचं उत्तर आलं, मग राहू द्या. दुसरा कोणी असता तर मला वेड्यात काढलं असतं. दोन महिने त्यांच्या नावावर मिरवलो, पण त्यांचं श्रेय लाटणार नाही. तिथे त्यांचंच घाला."

"कोण होते ते?"

"देव जाणे. बावीस वर्षं त्यांच्या हाताखाली काम केलं, पण साहेबांना मी एकदाही पाहिलं नाही."

बाईंनी कागद स्वतःकडे ओढला आणि खाली सही केली. तीच, आराखड्यांखालची वेडीवाकडी सही.

"असं कसं?" त्या म्हणाल्या. "दर गुरुवारी तर बघताय."